चौथं घड्याळ

सगळा रस्ता त्यांना मिनिटमामा म्हणत असे. घड्याळ कधी मिळेल असं विचारलं की ते मान वर न करता म्हणत, "एक मिनिट." ते मिनिट तीन दिवसांचं असे. कधी आठवड्याचं. जुनी गिऱ्हाइकं तसा अंदाज बांधूनच येत. एका नवरीने एकदा सांगितलं, "मामा, तुमचं मिनिट नको, लोकांचं सांगा." तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गुरुवार."

दुकान एवढंसं. मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंती लागत. भिंतींवर एकवीस घड्याळं आणि एकवीस वेळा. त्यातली खरी कोणती, ते फक्त मामांना ठाऊक. पुढे एक टेबल. टेबलाला बोटभर उंच काठ, म्हणजे एखादा स्क्रू घरंगळला तरी खाली जाऊ नये. एक दिवा, एक भिंग, कान तुटलेल्या कपात उभे केलेले चिमटे. आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल.

मामांची एक सवय होती. घड्याळ हातात आलं की आधी मागचं झाकण उघडायचं. मग आपलं भिंग गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावायचं आणि म्हणायचं, "ते बघा. तिथे." माणूस वाकून बघे. चक्रात अडकलेला केस दिसे. गंजाचा ठिपका दिसे. मामा झाकण पुन्हा लावत, घड्याळ टेबलाच्या काचेवर ठेवत, आणि मगच कामाचं बोलत.

समोरच्या चष्मेवाल्याला हे अजिबात पटत नसे.

"मिनिटराव, तुम्ही फुकट तपासता. तो दुखणं समजून घेतो आणि पुढच्या चौकात स्वस्तात औषध घेतो."

"जाऊ दे. दुखणं तरी कळलं त्याला."

काही जण जातही. बहुतेक जात नसत. का जात नाहीत, याचा विचार मामांनी चौतीस वर्षांत केला नव्हता.

त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात मालकांची नावं नव्हती, घड्याळांची दुखणी होती. प्रत्येक पानावर पेन्सिलीने काढलेलं एक उघडं घड्याळ आणि खाली एक ओळ. "पोहताना काढायला विसरले." "बाळाने चावलं." "रागाने भिंतीवर. मग माफी मागून माझ्याकडे." वही मामांनी कोणाला दाखवली नव्हती. कोणी मागितलीच नव्हती.

मग भाची आली. बहिणीची मुलगी, सत्तावीस वर्षांची, नोकरी सोडून आलेली. कॉम्प्युटरचे गेम बनवायचे होते तिला, आणि आईच्या घरात त्या वाक्यानंतर कोणी जेवत नव्हतं. "चार दिवस राहते," म्हणाली. मामी म्हणाल्या, "तुझ्या मामाचे चार दिवस की लोकांचे?"

पहिल्याच आठवड्यात तिला ती वही सापडली. दुपारभर ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून वाचत राहिली. गिऱ्हाइकं उभी राहिली. संध्याकाळी तिने वही मिटली.

"मामा, हा गेम आहे."

"ही वही आहे."

"लोक टेबलाशी बसतील. घड्याळ उघडतील. दुखणं शोधतील, दुरुस्त करतील. मग मालक येईल आणि गोष्ट सांगेल."

"आणि बिघडवलं तर?"

"तर मालक ओरडेल."

मामांना हे आवडलं. चौतीस वर्षांत त्यांच्यावर फार लोक ओरडले नव्हते, पण जे ओरडले त्यांची वाक्यं त्यांना तोंडपाठ होती.

दोन वर्षं लागली. स्टूल भाचीचंच झालं. मामा घड्याळं कागदावर काढत, भाची ती पडद्यावर हलवत असे. मामा म्हणत, "हे चक्र असं नाही फिरत, लाजत फिरतं." ती ते चक्र लाजत फिरवे. वहीतली एक्केचाळीस घड्याळं गेममध्ये आली. गेमचं नाव ठेवलं 'एक मिनिट'. नावावर दोघांचं एका मिनिटात एकमत झालं, तेही लोकांच्या.

भांडण झालं ते डेमोवरून.

डेमो म्हणजे गेमची फुकट चव. आवडला तर पुढचा विकत घ्यायचा. किती फुकट द्यायचं, हा प्रश्न जेवताना निघाला आणि जेवण गार झालं. पहिली तीन घड्याळं द्यायची हे ठरलं होतं. पण ती कितीही वेळ खेळू द्यायची का?

"वेळेची मर्यादा घालायची. वीस मिनिटं," भाची म्हणाली. "पोट भरलं की माणूस विकत घेत नाही."

मामींनी मान डोलावली. त्या बावीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरला होत्या. "तागा कधी सगळा उलगडायचा नसतो. हातभर दाखवायचा. बाईने कापड अंगावर धरून बघेपर्यंत थांबायचं आणि मग हळूच गुंडाळायला घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ सारखी झाकलेली असली की लोकांना वाटतं रिकामी आहे," मामा म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही तर मूठ उघडून वर भिंग देता."

"मग माझं दुकान बंद पडलं का?"

"चाललं का, ते विचारा."

भाची हसू दाबत ताटात बघत राहिली. शेवटी मतं मोजली. दोन विरुद्ध एक. वीस मिनिटं ठरली. मामांनी एकच अट घातली: वेळ दाखवणारं घड्याळ आपण काढणार. पडद्याच्या कोपऱ्यात नुसते आकडे उलटे पळणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी एक सुंदर खिशातलं घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, निळे काटे, डोक्यावर किल्ली द्यायचं गोल बटण. वीस मिनिटं झाली की ते मंद होई, मग थांबे. थांबलं की पाटी येई: "उरलेली अडतीस घड्याळं वाट बघतायत." आणि तिथेच विकत घ्यायचं बटण. भाचीने डेमो चालू केला, चहा करून प्यायली, परत आली. घड्याळ थांबलेलं होतं. पाटी आली होती. ठीक.

मामांनीही खेळून बघितला. पाटी त्यांना काही दिसली नाही. त्यांना वाटलं, आपला हात जलद आहे.

गेम बाजारात आला. पहिल्या पंधरा दिवसांत नऊ हजार लोकांनी डेमो घेतला. भाची स्टुलावर बसून आकडा वाचे आणि मामा भिंतीवरच्या घड्याळांना सांगत. मग ती दुसरा आकडा वाचे. गेम विकत घेतला होता त्रेसष्ट जणांनी. त्यात तिचे आठ मित्र होते.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," मामी म्हणाल्या. "वीसची दहा मिनिटं करा."

दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने भाचीसाठी जागा धरून ठेवली होती. एक तारखेला हो की नाही ते कळवायचं होतं. गेम चालला तर नाही, नाहीतर हो. हे तिने मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगली नोकरी आहे. जा की." त्या दिवशी त्यांनी एका गृहस्थांच्या घड्याळाला कुण्या बाईचा लाल पट्टा लावून दिला. गृहस्थ दोन दिवस तसेच हिंडले. त्यांना वाटलं, फॅशन असेल.

एक तारीख दहा दिवसांवर आली.

लोक वाईट म्हणत असते तर एक वेळ समजलं असतं. पण लोक भरभरून लिहीत होते. "किती गोड." "किती शांत." "रोज कामावरून आले की तिन्ही घड्याळं दुरुस्त करते." भाचीने खेळण्याची वेळ बघितली, तर माणसं दोन दोन तास डेमोत बसलेली. वीस मिनिटांच्या डेमोत दोन तास. ती म्हणाली, "मोजण्यात काहीतरी चुकतंय," आणि मोजणारा भाग दुरुस्त करत बसली. तो बिघडलेलाच नव्हता, त्यामुळे दुरुस्तही होईना.

रविवारी दुपारी मामी स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर डाळ शिजत होती. हातात फोन. दोन वर्षं घरात जे चाललं होतं ते आज त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली.

"अहो, हा तुमचा डेमो संपतो कधी?"

"वीस मिनिटांनी," मामा बाहेरून म्हणाले.

"तुमच्या की लोकांच्या?"

"लोकांच्या."

"मी डाळ टाकल्यापासून खेळतेय. डाळ शिजली, भात झाला, पोळ्याही होत आल्या."

भाची उठून आत आली. मामीच्या हातातला फोन तिने बघितला. कोपऱ्यातलं खिशातलं घड्याळ ठणठणीत चालू होतं.

"मामी, हे थांबत नाही?"

"थांबेल कसं? मंद झालं की मी किल्ली देते."

"काय देतेस?"

"किल्ली." मामींनी घड्याळाच्या बटणावर बोट गोल फिरवलं. कटकट कटकट असा बारीक आवाज झाला. काटे पुन्हा सुरुवातीला गेले. "चालतं घड्याळ डोळ्यांदेखत बंद पडू देऊ? माझं सगळं आयुष्य या माणसाच्या घरात गेलंय."

भाची दाराला टेकली. तिने मामांकडे बघितलं. मामा दारात आले होते, भिंग कपाळावर.

"मामा, त्याला किल्ली देता येते?"

"घड्याळ आहे. देता येणारच."

"अरे, ते डेमो संपवणारं घड्याळ आहे."

"म्हणून काय किल्ली नको?"

"मी ती कधी बसवली?"

"गेममधल्या सगळ्या घड्याळांना तू एकच किल्ली बसवलीस. मी काढलं तेव्हा हेही घड्याळच होतं."

भाची खालीच बसली. आधी तिचे खांदे हलायला लागले. मामांना वाटलं रडतेय. ते पुढे झाले तर ती हसत होती. इतकी की मामींनी गॅस बंद केला.

मग तिघांनी मिळून लोकांचं लिहिलेलं सगळं परत वाचलं. आता प्रत्येक ओळ वेगळी लागत होती. "छोटासा गेम, पण पूर्ण." "तीनच घड्याळं आहेत, पण फुकट आहे म्हणून तक्रार नाही." नऊ हजारांतल्या बहुतेकांनी पाटी बघितलीच नव्हती. त्यांनी घड्याळ थांबूच दिलं नव्हतं. आणि एका आजोबांनी लिहिलं होतं: "चौथं घड्याळ असतं तर मी विकत घेतलं असतं."

मामींनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. "अडतीस आहेत हो आजोबा," त्या फोनला म्हणाल्या.

"एका ओळीचं काम आहे," भाची डोळे पुसत म्हणाली. "किल्ली काढून टाकते. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं."

जेवताना मामांनी पोळी मोडून ठेवली आणि खाल्ली नाही. मामींनी ओळखलं.

"आता काय अडकलं चक्रात?"

"ज्याला किल्ली देता येत नाही, ते घड्याळ नव्हे. ते नुसतं भिंतीवरचं चित्र." ताट बाजूला सारत ते म्हणाले, "आणि ती बाई. रोज कामावरून येऊन तिन्ही दुरुस्त करते म्हणाली, ती. तिच्या हातातून काढून घ्यायचं?"

"मामा, मग मी जाऊ?" भाचीने सरळ विचारलं.

मामा म्हणाले, "एक मिनिट."

सोमवारी सकाळी दुकानात एक बाई आल्या. घाईत होत्या. आईचं घड्याळ, बंद पडलेलं. "नुसतं बघा आणि सांगा, मला पुढच्या चौकातही विचारायचंय," असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं. भाची स्टुलावर होती. मामांनी झाकण उघडलं, भिंग बाईंच्या डोळ्याला लावलं.

"ते बघा. तिथे."

बाई वाकल्या. "काय आहे ते? निळं?"

"दोरा."

"घड्याळात दोरा? हा आत कसा गेला?"

"ते काढल्यावर कळेल. टोक कुठे अडकलंय त्यावरून." मामांनी झाकण लावलं आणि घड्याळ काचेवर ठेवलं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. दाराकडे बघितलं. पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"आई शिवणकाम करायची," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कधी मिळेल?"

"एक मिनिट."

"म्हणजे गुरुवारी. ऐकलंय मी." आणि पुढच्या चौकात न जाता त्या घरी गेल्या.

मामा बराच वेळ त्या बंद झाकणाकडे बघत बसले. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कोणाला घड्याळ लावून हाकललं नव्हतं. सगळं दाखवलंही नव्हतं. दुखणं दाखवायचं आणि झाकण लावायचं. मामींचा हातभर कापडाचा तुकडा आणि त्यांचं भिंग, दोन्ही एकच होतं. फरक एवढाच की गुंडाळायला नेमकं कधी घ्यायचं, ते मामींना माहीत होतं आणि मामांच्या हाताला.

"वही दे," ते म्हणाले.

भाचीने वही दिली. त्यांनी सतरावं पान काढलं. खिशातलं जुनं घड्याळ, मागचं झाकण उघडं. झाकण आणि चक्रं यांच्या मध्ये एक छोटीशी पांढरी वस्तू. खाली ओळ: "दुधाचा दात. मालक साठीचे."

"हे चौथं," मामा म्हणाले. "तीन घड्याळं त्यांची. हवी तेवढी खेळू देत. किल्ली राहू दे. मग साठीचे गृहस्थ येतील. चौथं घड्याळ टेबलावर ठेवतील. वडिलांचं आहे म्हणतील. खेळणारा झाकण उघडेल. दात दिसेल."

"मग?"

"मग आपण झाकण लावायचं."

भाचीने पानाकडे बघितलं. "हा दात तिथे गेला कसा?"

मामा हसले.

"मामा, मला तरी सांग. हे घड्याळ मीच हलवलं, पण मालकाच्या गोष्टीचा भाग तू स्वतः बसून लिहिलास. मी अजून वाचला नाहीये."

"बघ. तुलासुद्धा विकत घ्यावासा वाटतोय."

दोन दिवस तिने काम केलं. बुधवारी संध्याकाळी नवा डेमो गेला. जेवायच्या आधी भाची पडदा उघडून बसली. मामा शेजारी. दहा मिनिटांनी पहिली विक्री आली. भाचीने बघितलं, कुठून आली ते बघितलं, आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"मामी, तू विकत घेतलास?"

"मग काय करणार? मघापासून विचारतेय, हा माणूस सांगतच नाही."

"अगं, घरातला गेम."

"घरातलाच दात आहे का तो? गप्प बसा दोघं. वाचू दे."

अर्ध्या तासाने मामी बाहेर आल्या. डोळे ओले आणि तोंडभर हसू. मामांच्या ताटात त्यांनी न मागता आणखी एक पोळी वाढली. काय वाचलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने रस्त्यात गाठून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "विकत घ्या आणि बघा. तुम्ही चष्म्याच्या फ्रेमा फुकट लावून बघू देता, काचा देता का?" चष्मेवाल्याने घेतला. त्या दिवशी त्यांचं दुकान दुपारी अर्धा तास बंद होतं.

त्यांच्यासारखे बरेच निघाले. एकाने लिहिलं, "हा अन्याय आहे," आणि लिहून झाल्यावर चार मिनिटांनी विकत घेतला. त्या आजोबांनी घेतला. रोज कामावरून येणाऱ्या बाईंनी घेतला नाही. तिन्ही घड्याळं पुरतात, असं त्यांनी लिहिलं. मामांना ते वाचून त्रेसष्टाचे सहाशे झाले त्याहून जास्त आनंद झाला. भाचीला नाही झाला. पण तिने त्यांची किल्ली काढली नाही.

एक तारखेला कंपनीचा फोन आला. भाची दुकानाबाहेर जाऊन बोलली. मामांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि भिंतीवरची एकवीस घड्याळं एकदम ऐकली. ती आत आली.

"नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "दुसरा गेम करायचाय. वहीत अजून पन्नास पानं आहेत."

"किती दिवस राहणार म्हणून मामीने विचारलं तर काय सांगू?"

"सांग, एक मिनिट."

मामांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. समोर घड्याळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात उशिरा आले. खांद्यावर एक नवं स्टूल होतं. दारात ते नीट बसेना म्हणून ते आडवं करून, उभं करून बघत होते. चष्मेवाला मदतीला आला.

"हे कोणासाठी, मिनिटराव?"

"गिऱ्हाइकांसाठी. दोन वर्षं उभी आहेत बिचारी."

"आणि ते जुनं?"

"ते भरलंय," मामा म्हणाले.